गळतं वर, ठिपकतं खाली: जुन्या गाडीच्या पॉवर स्टेअरिंगची गळती घरच्या घरी

आमच्या सोसायटीच्या पार्किंगला नवी फरशी बसली आणि पंधरवड्यात माझ्या गाडीखाली तळहाताएवढा लालसर डाग उमटला. सेक्रेटरी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणून गुपचूप गाडीखाली सरकवला. लाज वाटायची ती वाटलीच, पण पुढे गळती सापडली ती त्या पुठ्ठ्यामुळेच.

आधी माझी चूक सांगतो. स्टेअरिंग वळवताना घूंऽ असा आवाज यायचा, पॉवर स्टेअरिंगच्या डब्यातलं तेल कमी व्हायचं आणि त्याचा पंप खालून ओला दिसायचा. म्हणजे पंप गेला, असं मी आणि एका ओळखीच्या मिस्त्रीनं मिळून ठरवून टाकलं. जुन्या बाजारातून पंप आणला, बसवला, आणि चौथ्या दिवशी पुठ्ठ्यावर तोच ठिपका, त्याच जागी. खरी गळती होती पंपाच्या वीतभर वरच्या रबरी पाईपाच्या क्लिपला. तेल पाईपावरून ओघळून पंपावर यायचं आणि तिथून खाली पडायचं. वीस रुपयांचं काम होतं.

म्हणून या लेखात पान्यानं नट-बोल्ट फिरवण्यापेक्षा गळती शोधण्यालाच जास्त जागा दिली आहे.

तुमच्या गाडीत तेल आहे का?

हा प्रश्न बावळट वाटेल, पण आधी तोच विचारायचा. 2005 साली आलेली स्विफ्ट किंवा 2003 नंतरची होंडा सिटी यांच्या स्टेअरिंगला विजेची मोटर मदत करते. तिथे तेलच नाही, मग गळणार काय? त्या गाड्यांखालचा डाग दुसऱ्या कशाचा तरी असतो. तेलाचं पॉवर स्टेअरिंग असलेल्या म्हणजे क्वालिस, पहिली इनोव्हा, स्कॉर्पिओ, इंडिका, इंडिगो, अ‍ॅक्सेंट, आयकॉन, जुनी सिटी या पिढीतल्या गाड्या. बॉनेट उघडा. झाकणावर स्टेअरिंगचं चित्र असलेला छोटा डबा आणि पट्ट्यावर फिरणारा पंप दिसला, की हा लेख तुमच्यासाठी.

तेलाचा रस्ता असा: डब्यातून जाड रबरी पाईपानं पंपात, पंपातून हाय प्रेशर पाईपानं स्टेअरिंग रॅकमध्ये (पुढची चाकं वळवणारा दांडा ज्यात सरकतो तो भाग), आणि रॅकमधून रिटर्न पाईपानं पुन्हा डब्यात. यातला पंप ते रॅक हा एकच तुकडा खऱ्या दाबाखाली असतो. स्टेअरिंग एका टोकाला पूर्ण वळवून दाबून धरलं, तर तिथे 70 बार किंवा त्याहून जास्त दाब जातो. टायरमध्ये आपण 32 पीएसआय हवा भरतो, म्हणजे जेमतेम सव्वादोन बार. त्यावरून अंदाज घ्या. उरलेल्या पाईपांत दाब अगदी कमी असतो. घरी बिनधास्त करण्याजोगं काम याच कमी दाबाच्या बाजूला आहे, आणि जुन्या गाडीत सुरुवातीची गळतीही बहुतेकदा तिथेच निघते. वीस वर्षं इंजिनाच्या उष्णतेत भाजून रबर लाकडासारखं होतं आणि क्लिपची पकड जाते. बंद पार्किंगमध्ये उंदीर असतील तर त्यांचेही दात तपासा. मऊ पाईपावर बारीक खरवडल्यासारख्या खुणा असतील तर तो प्रकार.

डाग कशाचा आहे?

पांढरा पुठ्ठा किंवा जुनं वर्तमानपत्र रात्रभर गाडीखाली ठेवा. पुढची चाकं कुठे आहेत ते त्यावर पेनानं आखून ठेवा, नाहीतर सकाळी गाडी हलवल्यावर ठिपका नेमका कुठला हे कळत नाही. इंजिन ऑइल तपकिरी किंवा काळं आणि जाडसर. कूलंट हिरवं किंवा गुलाबी, बोटांना चिकट-पाणचट, गोडसर वासाचं. एसीचं पाणी म्हणजे निव्वळ पाणी. मे महिन्यात त्यावरून घाबरून गॅरेजला जाणारे लोक मी पाहिले आहेत. पॉवर स्टेअरिंगचं तेल पातळ आणि बुळबुळीत. बऱ्याच गाड्यांत ते लाल असतं, पण जुनं झालं की तेही तपकिरी पडतं. शिवाय ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं तेलही लालच असतं. त्यामुळे रंगापेक्षा डब्यातल्या पातळीवर भरवसा ठेवा. डब्यावरच्या रेषेशी नेलपॉलिशची खूण करा. आठ दिवसांत तेल खुणेच्या खाली गेलं, तर चोर सापडला.

अशा गाडीला चालवायचं की नाही? रॅक चाकांना लोखंडानंच जोडलेला असतो, त्यामुळे तेल संपलं तरी स्टेअरिंग निकामी होत नाही, जड होतं. पण घाटातल्या वळणावर अर्ध्यात जड झालं तर हात दचकतात. शिवाय कोरडा पंप स्वतःला खात सुटतो. काही गाड्यांत पंपाचा आणि अल्टरनेटरचा पट्टा एकच असतो. तिथे पंप अडकला की पट्टा जातो आणि बॅटरीचं चार्जिंगही थांबतं. डाग छोटा असेल तर तेल बघत, भरत गावात फिरा. डबा दर दोन-तीन दिवसांनी रिकामा होत असेल तर गाडी उभी करा.

हात घालण्याआधी

इंजिन पूर्ण थंड हवं. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीही नाही. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे, आणि पुढे दोन जॅक स्टँड. फरशीवर जॅक घसरतो, खाली जाड फळी घ्या. स्टँड नसतील तर आणा किंवा कुणाकडून मागा. विटांचा थर हा पर्याय नव्हे, वीट न सांगता फुटते.

दुसरी गोष्ट लोकांना माहीत नसते. चालू इंजिनावर हाय प्रेशर पाईपाची गळती बोटानं चाचपायची नाही. सुईएवढ्या भोकातून सुटलेली तेलाची धार कातडी भेदून आत जाते. बाहेरून टोचल्यासारखा बारीक ठिपका दिसतो, आत मात्र ऊती सडायला लागते. असं झालंच तर दुखो वा न दुखो, तडक इस्पितळ. तपासायला लांब पुठ्ठ्याचा तुकडा वापरा, पुठ्ठा ओला झाला की जागा कळली.

आणि तेल सायलेन्सरच्या तापलेल्या पाईपावर पडून धूर येत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा. तिथे आग लागू शकते. ती गाडी टो करूनच न्यायची.

शोध

ओल्या, मळलेल्या भागाकडे बघून काही कळत नाही. आधी सगळं धुवा. बाजारात डीग्रीझरचा स्प्रे मिळतो. तो नसेल तर थोडं डिझेल आणि जुना टूथब्रश, मग साबणाचं पाणी, मग फडक्यानं कोरडं. अल्टरनेटर आणि विजेच्या जोडण्यांवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून घ्या. पट्ट्यावर डिझेल उडू देऊ नका, नाहीतर नंतर तो किंचाळत बसेल.

कोरडं झालं की सगळ्या सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवा. हो, तीच, बाळाची. डब्याच्या खालच्या नळ्या, पंपाचा वरचा सांधा, हाय प्रेशर पाईपाची दोन्ही टोकं, रॅकमध्ये शिरणाऱ्या नळ्या. मग कुणालातरी आत बसवा, इंजिन सुरू करायला सांगा आणि स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा फिरवायला सांगा. टोकाला नेऊन धरून ठेवायचं नाही. टेकलं की लगेच परत. तुम्ही टॉर्च घेऊन वरून बघायचं; इंजिन चालू असताना गाडीखाली डोकं घालायचं नाही. बाह्या दुमडलेल्या, गळ्यात काही लोंबतं नको. पट्टा फिरतोय.

इंजिन बंद करून पावडर बघा. पांढऱ्यावर गडद रेघ दिसेल. त्या रेघेच्या सगळ्यात वरच्या टोकाशी गळती आहे. खाली कितीही चिखल झालेला असो, वरचं टोक धरा. मी पंप बदलला तेव्हा हेच केलं नव्हतं. पावडर कोरडीच राहिली तर गाडी दोन दिवस चालवून पुन्हा बघा. काही गळत्या इंजिन तापल्यावर सुरू होतात, काही थंडपणी आणि गरम झालं की रबर फुगून बंद होतात.

डबा फेसाळलेला असेल, तेल दुधाळ दिसत असेल आणि पंप कण्हत असेल, पण बाहेर थेंबही नसेल, तर उलटी गळती आहे. तेल बाहेर येत नाही, हवा आत जातेय. ती डबा ते पंप या ओढीच्या पाईपाला किंवा पंपाच्या तोंडाच्या ओ-रिंगला, म्हणजे सांध्यातल्या गोल रबरी कडीला, असते.

रिटर्न पाईप, ओढीचा पाईप आणि क्लिपा

गळती क्लिपपाशी असेल आणि पाईप दाबल्यावर अजून रबरासारखा लागत असेल, तर फक्त क्लिप बदला. नख रुतत नसेल, वाकवल्यावर बारीक भेगा दिसत असतील, तर पाईपही बदला. नुसती जुनी क्लिप आणखी आवळून महिनाभर जातो, वर नाही.

डब्यातलं तेल मोठ्या सिरिंजनं ओढून घ्या. मेडिकलमध्ये 50 मिलीची मिळते, पुढे सलाईनच्या नळीचा तुकडा लावा. खाली परात ठेवा. घरातली नको, ती परत स्वयंपाकघरात जाणार नाही. पाईप कसा गेलाय, कुठे वळतो, कुठल्या क्लिपचं तोंड कुठे, याचे फोटो काढा. मग पक्कडीनं क्लिप मागे सरकवा. पाईप ओढू नका, आधी जागच्या जागी पिळा. चिकटलेलं रबर सुटलं की तो निघतो. हटूनच बसला तर ब्लेडनं लांबीच्या दिशेनं हलका काप द्या, पण डब्याची नळी प्लॅस्टिकची असते, तिच्यावर चरा पडला तर नवा पाईपही तिथूनच गळेल.

दुकानात जुना तुकडा घेऊन जा. आतला व्यास जुळला पाहिजे. मागताना ‘पॉवर स्टेअरिंगच्या रिटर्नचा, तेलाला चालणारा’ असं सांगा. रेडिएटरचा किंवा पाण्याचा पाईप दिसायला सारखा असतो, पण या तेलानं आतून फुगतो, आणि त्याचे काळे कण डब्यातल्या जाळीत जाऊन बसतात. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला हे मीटरवर कापून देतात. तालुक्याच्या गावात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात विचारा.

बसवताना नळीला तेच तेल बोटानं लावा. नळीच्या टोकाशी उंचवटा असतो. पाईप त्याच्या पलीकडे बराच आत गेला पाहिजे आणि क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे. उंचवट्यावर किंवा पाईपाच्या अगदी कडेला बसवलेली क्लिप घसरते. स्क्रूची क्लिप रबर किंचित दबेपर्यंत आवळा. चरांतून रबर बाहेर डोकावायला लागलं म्हणजे तुम्ही पाईप कापताय.

पंपाच्या तोंडाची ओ-रिंग

काही गाड्यांत, विशेषतः जुन्या होंडांमध्ये, ओढीचा पाईप पंपाला थेट न लागता एका छोट्या कोपरावर लागतो, आणि तो कोपर दोन छोट्या बोल्टांनी पंपावर बसतो. त्याखाली एक ओ-रिंग असते. ती चपटी, कडक झाली की हवा ओढते. दोन बोल्ट काढायचे, जुनी रिंग लाकडी काडीनं उचकायची (स्क्रू ड्रायव्हर नको, खाचेला ओरखडा पडतो), खाच पुसायची, नवीला तेल लावून बसवायची. माझ्या आयुष्यातली पैसे वसूल दुरुस्ती म्हणजे ही. मात्र रिंग जुनीच्या मापाची आणि तेलाला चालणाऱ्या रबराची हवी. नळ जोडणाऱ्याकडची पाण्याची रिंग काही दिवसच टिकते.

सिलिकॉन, टेफ्लॉन टेप, एम-सील यांतलं काहीही या कामात नको. टेपचा धागा सुटून रॅकच्या झडपेत गेला की वीस रुपयांचं काम हजारांत जातं.

हाय प्रेशर पाईप

इथे क्लिप, पट्टी, रबर गुंडाळणे असले जुगाड चालत नाहीत. पाईप फुगलेला किंवा पत्र्याच्या कॉलरपाशी ओला असेल तर तो बदलायचा. नवा मिळत नसेल, आणि जुन्या गाड्यांना तो बहुधा मिळत नाहीच, तर जेसीबीचे, ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक पाईप क्रिंप करून, म्हणजे टोकावर पत्र्याची कॉलर दाबून बसवून, देणारी दुकानं असतात. तिथे तुमच्या जुन्या टोकांवर नवा पाईप चढवून मिळतो. पाईपावर छापलेला दाबाचा आकडा वाचा आणि उष्ण तेलाला चालतो ना ते विचारा. जुना पाईप देण्याआधी दोन्ही टोकांवर रंगाची सरळ रेघ मारा. दोन टोकांचा एकमेकांशी असलेला कोन चुकला, तर नवा पाईप पिळून बसवावा लागतो आणि सहा महिन्यांत पुन्हा जातो.

पाईप चांगला आणि फक्त जोड ओला असेल, तर बघा: मधोमध भोक असलेला बोल्ट असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं एकेक वायसर असतं. दोन्ही नवी घ्या. जुनं वायसर एकदा दबलं की पुन्हा बसत नाही. नळीचा नट असेल तर साध्या पान्यानं त्याचे कोपरे जातात. पाईपाच्या नटाचा वेगळा, तोंड जवळजवळ बंद असलेला पाना मिळतो, तो वापरा. आटे हातानं तीन-चार फेरे बिनत्रास जातायत ना ते बघून मगच पाना लावा. आवळण्याचं माप गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं, टॉर्क पाना नसेल तर हे एवढं काम गॅरेजकडून करून घ्या.

जे घरी करू नये

पंपाच्या पुलीमागून तेल येत असेल तर शाफ्टचं सील गेलंय. पुली काढायला पुलर लागतो, सील ठोकून बसवताना तिरकं जातं. पंप खोलून रिकंडिशन करणाऱ्याकडे द्या.

रॅकचं कळतं रबरी बूटवरून. चाकांच्या आतल्या बाजूला रॅकच्या दोन्ही टोकांना घडीघडीचे रबरी बूट असतात, ते हातानं दाबा. आत तेल खळखळत असेल तर रॅकचं आतलं सील गेलं. हे काम रॅकवाल्याचंच. फक्त त्याला एक सांगा: सील बदलण्याआधी रॅकचा दांडा मला दाखव. बूट फाटलेला असेल तर पावसाचं पाणी आत जाऊन दांड्यावर गंजाचे खड्डे पडतात, आणि खडबडीत दांडा नवं सील कानस मारल्यासारखं खातो. खड्डे असतील तर सील किटवर पैसे घालू नका. रॅक काढताना स्टेअरिंग व्हील मोकळं फिरू न देणं हेही सांगा. एअरबॅग असलेल्या गाडीत आतली गुंडाळलेली पट्टी तुटते. नंतर व्हील अलाइनमेंट. बूट फाटलाय का हे दर मे महिन्यात एकदा बघितलंत तर हा परिच्छेद तुम्हाला लागणारच नाही.

गळती थांबवणारी बाटली मिळते. ती जुनं, कडक सील थोडं फुगवते, त्यामुळे नुसतं पाझरत असेल तर काही काळ फरक पडतोही. फुटलेल्या पाईपाला आणि सैल क्लिपला तिचा उपयोग शून्य. गाडी विकण्याआधी ती ओतणारे बरेच. जुनी गाडी घेताना डब्यातलं तेल नवंकोरं दिसलं तर का, असं विचारावं.

तेल भरणं आणि हवा काढणं

डब्याच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच तेल. त्या काळातल्या टोयोटांना डेक्सरॉन जातीचं लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, चालतं. होंडाला होंडाचंच पॉवर स्टेअरिंग तेल. जुन्या ऑक्टाव्हियाला हिरवं सिंथेटिक. लाल-हिरवं एकत्र करू नका. आणि ब्रेक ऑइल चुकूनही नाही: घाईत ‘ऑइलच ते’ म्हणून ओततात आणि सगळी सीलं निकामी करून बसतात. ओतलं गेलंच तर इंजिन सुरू न करता ते काढायला न्या.

पुढची चाकं स्टँडवर अधांतरी. डबा खुणेपर्यंत भरा, झाकण नुसतं ठेवा. इंजिन बंद, चावी फक्त लॉक सुटेपर्यंत फिरवलेली. आता स्टेअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा. दुसऱ्यानं डब्याकडे बघायचं; बुडबुडे येतील, तेल खाली जाईल, भरत राहायचं. डबा एकदा जरी रिकामा झाला तरी पहिल्यापासून. दहा मिनिटं थांबा, चहा घ्या. मग इंजिन पाच सेकंद सुरू करून बंद, तेल भरा. असं दोनदा. मग इंजिन चालू ठेवून पुन्हा सावकाश फिरवा, टोकाला धरून न ठेवता. तेल स्वच्छ राहिलं आणि आवाज गेला की गाडी खाली घ्या. फेस आला तर इंजिन बंद करून तासभर सोडा, हवा आपोआप वर येते. तेव्हा घाईनं गरागरा फिरवलं तर हवा तेलात घुसळली जाते, दुसरं काही होत नाही. डब्यावर थंड आणि गरम अशा दोन खुणा असतील तर त्या वेळच्या खुणेपर्यंतच भरा. जास्तीचं तेल गरम झाल्यावर झाकणातून येतं आणि तुम्ही पुन्हा गळती शोधायला लागता.

सगळे सांधे परत पुसून कोरडे करा, खाली नवा पुठ्ठा घाला. पहिल्या दिवशी सोसायटीतच दोन चकरा, मग आठवडाभर रोज सकाळी नेलपॉलिशची खूण बघा. पहिले दोन दिवस पातळी किंचित उतरते, उरलेली हवा निघते म्हणून. त्यानंतर हलता कामा नये. तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्क्रूच्या क्लिपा एकदा हातानं तपासा, नवं रबर दबलं की त्या थोड्या सैल होतात. काढलेलं तेल बाटलीत भरून गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात नेऊन द्या, गटारात नको. परात मात्र तुमची.